जुन्या व्हॉल्व्ह रेडिओला मोबाइल, ब्लूटूथ आणि एरियल जोडताना

गोव्यातील जुन्या घरांत वसरीवरच्या कोनाड्यात किंवा एखाद्या शिसवी कपाटावर लाकडी पेटीचा व्हॉल्व्ह रेडिओ, म्हणजे ट्रान्झिस्टरऐवजी काचेच्या नळ्यांवर (व्हॉल्व्हवर) चालणारा रेडिओ, अजूनही पाहायला मिळतो. त्यांतले काही ग्रुंडिग, टेलिफुंकेन किंवा फिलिप्सचे संच पोर्तुगीज अमदानीत युरोपातून आलेले असतात, तर मर्फी आणि बुशचे संच बहुधा मुक्तीनंतर घाटमाथ्यावरून आलेले असतात. यांतले बरेच संच थोड्या दुरुस्तीनंतर पुन्हा बोलू लागतात. मात्र त्यावर ऐकायचे काय, हा प्रश्न लगेच उभा राहतो. मध्यम लहरीवरची केंद्रे पूर्वीपेक्षा कमी झाली आहेत आणि घरातल्या एलईडी दिव्यांची व चार्जरांची खरखर वाढली आहे. मोबाइलमध्ये असलेली जितेंद्र अभिषेकींची मैफल त्या मोठ्या स्पीकरमधून, त्या उबदार आवाजात ऐकता आली, तर संच शोभेची वस्तू म्हणून पडून राहत नाही. हे काम अवघड नाही आणि खर्चिकही नाही. जोडणीला पंधरा मिनिटे पुरतात. परंतु त्याआधीच्या तपासणीला मी एक संपूर्ण दिवस राखून ठेवतो, आणि हा लेखही त्याच क्रमाने लिहिला आहे.

संपूर्ण लेखात एक पथ्य पाळले आहे: मूळ संचाला भोक पाडायचे नाही, मूळ तार तोडायची नाही, आणि केलेली प्रत्येक जोडणी पुढच्या पिढीला सोल्डरचा डाग काढून पूर्ववत करता आली पाहिजे.

चॅसिस विजेला जोडलेले आहे का?

व्हॉल्व्ह रेडिओ मुख्यतः दोन प्रकारचे असतात. पहिल्या प्रकारात मोठा मेन्स ट्रान्सफॉर्मर असतो, त्यामुळे संचातील लोखंडी चॅसिस, म्हणजे ज्यावर सर्व भाग बसवलेले असतात तो सांगाडा, घरच्या विजेपासून अलग राहते. दुसऱ्या प्रकाराला एसी-डीसी संच म्हणतात. त्यात ट्रान्सफॉर्मर नसतो, सर्व व्हॉल्व्हचे फिलामेंट (आतल्या तापणाऱ्या तारा) एकापुढे एक जोडलेले असतात आणि विजेची एक तार थेट चॅसिसला जाते. प्लग उलटा बसला किंवा भिंतीतला सॉकेट उलटा जोडलेला असला, की अख्खे चॅसिस २३० व्होल्टवर येते. अशा संचाच्या पिकअप सॉकेटला (मागच्या ग्रामोफोन जोडण्याच्या छिद्रांना) मोबाइल जोडणे म्हणजे कानाला लावायची वस्तू फेजला जोडणे होय.

व्हॉल्व्हवरील अक्षरांवरून अंदाज येतो. ईसीएच ८१, ईएफ ८९, ईएबीसी ८०, ईएल ८४ असे ‘ई’ने सुरू होणारे व्हॉल्व्ह असतील, तर संच बहुधा ट्रान्सफॉर्मरचा असतो. यूसीएच, यूएफ, यूएल ४१, यूवाय ४१ असे ‘यू’ने सुरू होणारे व्हॉल्व्ह असतील, तर तो एसी-डीसी समजावा. तथापि अक्षरांवर विसंबून राहू नये. काही संचांत ट्रान्सफॉर्मर दिसतो, पण तो ऑटो प्रकारचा, म्हणजे एकाच गुंडाळीचा असतो आणि तो चॅसिसला विजेपासून अलग करत नाही. निर्णय मल्टिमीटरनेच करावा.

प्लग भिंतीतून काढावा, रेडिओचा स्विच मात्र चालू स्थितीत ठेवावा, कारण अनेक संचांत स्विच नेमका चॅसिसकडे जाणाऱ्या तारेत असतो आणि तो बंद असताना मीटर फसवते. मग मीटर ओहमवर ठेवून प्लगच्या प्रत्येक पिनेपासून चॅसिसपर्यंत मोजावे. एका पिनेवर जवळजवळ शून्य आणि दुसऱ्या पिनेवर काहीशे ओहम दिसले, तर चॅसिस विजेला जोडलेले आहे. दोन्ही पिनांवर कित्येक मेगाओहम किंवा अनंत दिसले, तर संच अलग आहे. मधलेच काही आकडे आले, तर मेन्स आणि चॅसिस यांमधला जुना कंडेन्सर गळत असण्याची शक्यता मोठी. तो बदलल्याशिवाय पुढे जाऊ नये.

संच चालू केल्यावर चॅसिस आणि घरचे अर्थिंग यांमध्येही एसी व्होल्ट मोजावेत. डिजिटल मीटर इथे कधी कधी ८०–१०० व्होल्ट असा आकडा दाखवते आणि माणूस घाबरतो. मीटरच्या दोन्ही टोकांदरम्यान २२ किलोओहम, ५ वॅटचा रेझिस्टन्स लावून पुन्हा मोजावे. आकडा पाच-दहा व्होल्टवर आला, तर तो केवळ कंडेन्सरमधून झिरपणारा विजेचा अंश होता. आकडा तसाच राहिला, तर धोका खरा आहे.

आमच्या घरी आजोबांचा मोठा जर्मन संच आहे आणि स्वयंपाकघरातला एक छोटा बॅकेलाइटचा एसी-डीसी संचही आहे. या छोट्या संचाच्या आवाजाच्या बटणातला स्क्रू मेणाने झाकलेला असायचा. पूर्वीच्या कुठल्याशा दुरुस्तीत ते मेण निघून गेले आणि कोणी परत भरले नाही. शाळेत असताना ओल्या हाताने ते बटण फिरवल्यावर बसलेला झटका मला अजून आठवतो. बटणांच्या स्क्रूंवर मेण आहे का आणि मागचे पुठ्ठ्याचे झाकण शाबूत आहे का, हे आजही मी सर्वांत आधी पाहतो.

एसी-डीसी संचाला बाहेरचे कोणतेही उपकरण जोडायचे असेल, तर तो संच २३० व्होल्टला २३० व्होल्ट देणाऱ्या, दोन वेगळ्या गुंडाळ्यांच्या आयसोलेशन ट्रान्सफॉर्मरवरच चालवावा. १०० व्हीएचा ट्रान्सफॉर्मर पुरतो. इथे दोन गैरसमज वारंवार आढळतात. फ्रिजला किंवा टीव्हीला लावतो तो स्टॅबिलायझर आयसोलेशन देत नाही, आणि व्होल्टेज कमी-जास्त करणारा व्हेरिएकही देत नाही. दोन्ही ऑटो ट्रान्सफॉर्मरच आहेत. तसेच मोबाइलच्या तारेत घातलेला बोटाएवढा ऑडिओ ट्रान्सफॉर्मर घुमणारा आवाज घालवण्यासाठी उत्तम आहे, पण त्याच्या गुंडाळ्यांमधले आवरण मेन्स विजेसाठी केलेले नसते, म्हणून त्याला सुरक्षेचे साधन मानू नये.

जोडणीपूर्वीची किमान दुरुस्ती

वर्षानुवर्षे बंद असलेला संच थेट प्लगमध्ये लावू नये. गोव्याची हवा दमट आणि खारी. मेणाच्या कागदी कंडेन्सरांत ओल शिरते आणि ते गळू लागतात. निदान तीन ठिकाणी बदल करावाच. आउटपुट व्हॉल्व्हच्या (स्पीकर चालवणाऱ्या व्हॉल्व्हच्या) ग्रिडला, म्हणजे आवाज आत घेणाऱ्या टोकाला, जाणारा जोडकंडेन्सर, बहुधा ०.०१ मायक्रोफॅरडचा, ६३० व्होल्टच्या नव्या पॉलिस्टरने बदलावा. हा गळला, तर ईएल ८४ लाल होतो आणि पाठोपाठ आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळतो. मेन्सच्या दोन तारांमधला कंडेन्सर एक्स २ वर्गाचा, तर मेन्स आणि चॅसिस यांमधला वाय २ वर्गाचा घ्यावा; हे दोन्ही मेन्स विजेवर वापरण्यासाठीचे सुरक्षित वर्ग आहेत. फिल्टरचे मोठे इलेक्ट्रोलिटिक कंडेन्सर फुगलेले किंवा ओघळलेले असतील, तर मूळ मूल्याच्या जवळचे ४५० व्होल्टचे बसवावेत. हात घालण्याआधी त्या कंडेन्सरांवर १० किलोओहम, ५ वॅटचा रेझिस्टन्स काही सेकंद धरावा आणि मीटरने शून्य झाल्याची खात्री करावी. प्लग काढला म्हणजे वीज गेली, असे व्हॉल्व्ह रेडिओत नसते.

मागच्या बाजूला व्होल्टेज निवडण्याची चकती असल्यास ती २४० वर ठेवावी. युरोपीय संच बहुधा २२० वर ठेवलेले सापडतात आणि रात्री उशिरा आपल्याकडचे व्होल्टेज २४० च्या वर गेले, की व्हॉल्व्हचे आयुष्य झपाट्याने कमी होते.

पहिल्यांदा वीज देताना फेजच्या तारेत ६० वॅटचा जुन्या पद्धतीचा तारेचा बल्ब सिरीजमध्ये लावावा. एलईडी बल्ब या कामाला चालत नाही. बल्ब क्षणभर उजळून मंद झाला, तर ठीक. लख्ख पेटून राहिला, तर संचात कुठेतरी शॉर्ट आहे आणि तत्काळ वीज बंद करावी.

पिकअप सॉकेटमधून मोबाइल

त्या काळच्या बहुतेक चांगल्या संचांना ग्रामोफोनची पिन जोडण्यासाठी मागे दोन छिद्रे असत. ब्रिटिश आणि भारतीय संचांवर त्यांच्याजवळ ‘पीयू’ किंवा तबकडीचे चित्र असते, तर जर्मन संचांवर ‘टीए’ ही अक्षरे असतात. हीच आपली वाट. ग्रामोफोनच्या क्रिस्टल पिकअपमधून साधारण अर्धा ते एक व्होल्ट मिळत असे, आणि मोबाइलच्या हेडफोन सॉकेटमधूनही जवळपास तेवढाच मिळतो, त्यामुळे मधे वेगळ्या ॲम्प्लिफायरची गरज पडत नाही.

अडचण एकच: मोबाइलचा आवाज डावा-उजवा असा दोन वाहिन्यांचा असतो आणि रेडिओला एकच वाहिनी लागते. या दोन तारा एकमेकींना सरळ पिळून जोडू नयेत; तसे केले, तर एका वाहिनीचा ॲम्प्लिफायर दुसऱ्याशी झुंजत राहतो. प्रत्येक वाहिनीत ४.७ किलोओहमचा एक रेझिस्टन्स घालावा, दोन्ही रेझिस्टन्सची पुढची टोके एकत्र करावीत आणि त्या सांध्यावरून एक तार रेडिओकडे न्यावी. सांधा आणि शील्ड (तारेभोवतीचे जाळीचे आवरण) यांमध्ये १० किलोओहमचा तिसरा रेझिस्टन्स लावला, तर मोकळ्या तारेतून येणारी घुंई कमी होते. हे तीनही रेझिस्टन्स पाव वॅटचे चालतात आणि ३.५ मिलिमीटरच्या जॅकच्या जाडसर टोपणात मावतात.

तार शील्डचीच घ्यावी आणि दीड-दोन मीटरपेक्षा लांब करू नये. दुसऱ्या टोकाला ४ मिलिमीटरचे दोन बनाना प्लग लावावेत. रेडिओच्या दोन छिद्रांपैकी चॅसिसचे कोणते, हे मीटरने शोधून शील्ड त्यालाच जोडावी. उलटे झाले, तर संगीताऐवजी मोठी घरघर ऐकू येते, एवढेच. जर्मन संचांत १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून बनाना छिद्रांऐवजी गोल डिन सॉकेट येऊ लागले. त्यात मधली २ क्रमांकाची पिन शील्डची, आणि आवाज आत घेणाऱ्या पिना ३ व ५ क्रमांकांच्या असतात. तीन पिनांच्या सॉकेटात ५ नसते, तेव्हा फक्त ३ वापरावी.

नव्या मोबाइलना हेडफोनचे भोकच नसते. त्यांना टाइप-सीवरून ३.५ मिलिमीटर करणारी छोटी जोडतार घ्यावी.

आता रेडिओ पिकअपच्या स्थितीत न्यावा, मोबाइलचा आवाज तीन-चतुर्थांशावर ठेवावा आणि पुढचा कमी-जास्तपणा रेडिओच्या बटणानेच करावा. मोबाइल अगदी हळू ठेवून रेडिओ पूर्ण उघडला, तर संचाची स्वतःची घुंई तेवढ्याच पटीने वर येते. पिकअपवर असतानाही मागून एखादे केंद्र पुसट ऐकू येत असेल, तर काटा जिथे काहीच लागत नाही अशा जागी न्यावा आणि एरियल काढून ठेवावे. स्विचच्या पत्र्यांमधून थोडी गळती या संचांत नेहमीचीच असते.

चार्जर लावताच घुंई सुरू होत असेल, तर दोष रेडिओचा नाही. ऐकताना मोबाइल बॅटरीवर ठेवावा. मोबाइलऐवजी संगणक जोडला, तर त्याला बहुधा तीन पिनांचा चार्जर असतो आणि त्याचे अर्थ व रेडिओचे अर्थ मिळून एक वेढा तयार होतो. अशा वेळी ६०० ओहमला ६०० ओहमचा ऑडिओ ट्रान्सफॉर्मर मधे घालावा, तो वेढा तुटतो.

ब्लूटूथ

माझ्या मते व्हॉल्व्ह रेडिओसाठी सर्वांत योग्य साधन म्हणजे स्वतःची बॅटरी असलेला छोटा ब्लूटूथ रिसीव्हर. मोबाइल हातात मोकळा राहतो आणि मोबाइल व रेडिओ यांच्यात तार अजिबात राहत नाही. रिसीव्हरच्या ऑडिओ सॉकेटला वर सांगितलेली तीन रेझिस्टन्सची तारच लावायची असते. रिसीव्हर पेटीच्या आत ठेवायचा असेल, तर आउटपुट व्हॉल्व्ह आणि रेक्टिफायर (एसीचे डीसी करणारा व्हॉल्व्ह) यांच्यापासून दूर, तळाशी ठेवावा. व्हॉल्व्हच्या उष्णतेने लिथियम बॅटरी फुगते. संच एसी-डीसी असेल, तर रिसीव्हर जोडलेला असताना त्याला चार्जर कधीही लावू नये. तो पूर्ण सोडवून, बाहेर काढून चार्ज करावा.

रिसीव्हरला वीज देण्यासाठी रेडिओच्या ६.३ व्होल्टच्या फिलामेंट गुंडाळीवर वेगळा रेक्टिफायर बसवण्याचा मोह होतो. करता येते, पण त्याने ब्लूटूथचा टिकटिक आवाज हमखास स्पीकरमध्ये उतरतो, आणि मूळ संचाच्या गुंडाळीवर नवा भार पडतो. मी तसे करत नाही.

पिकअप सॉकेट नसेल तर

स्वस्त संचांत आणि खेड्यापाड्यांत चाललेल्या बॅटरीच्या संचांत पिकअप सॉकेट नसे. त्या वेळी पुष्कळ गावांत वीज नव्हती, आणि डीके ९६, डीएफ ९६, डीएल ९६ असे १.४ व्होल्टच्या फिलामेंटचे व्हॉल्व्ह ९० व्होल्टच्या कोरड्या बॅटरीवर चालत. अशा संचांसाठी दोन मार्ग आहेत.

संच ट्रान्सफॉर्मरचा किंवा बॅटरीचा असेल, तर आवाजाच्या बटणाच्या पॉटवर (बटणामागच्या फिरत्या रेझिस्टन्सवर), जिथे डिटेक्टरकडून, म्हणजे लहरीतून आवाज वेगळा करणाऱ्या भागाकडून, येणारी तार लागते, त्या टोकावर ०.१ मायक्रोफॅरड, ६३० व्होल्टच्या कंडेन्सरमधून मोबाइलचा आवाज देता येतो. शील्ड पॉटच्या दुसऱ्या, चॅसिसच्या टोकाला जोडावी. तारेला अस्तित्वात असलेल्या एखाद्या छिद्रातूनच बाहेर काढावे.

दुसरा मार्ग म्हणजे मध्यम लहरीचा छोटा मॉड्युलेटर. तो मोबाइलचा आवाज अगदी दुर्बळ रेडिओ लहरीवर चढवतो; त्याची हातभर तार रेडिओच्या एरियलच्या तारेला नुसती गुंडाळली, तरी पुरते. विजेचा संबंध येत नाही, संच उघडावा लागत नाही आणि डायल, केंद्र नीट लागल्याचे दाखवणारा हिरवा डोळा, सगळे आपापले काम करताना दिसते. आवाज पिकअपइतका स्वच्छ नसतो. लहर खोलीबाहेर जाणार नाही एवढीच ठेवावी. परवान्याशिवाय प्रसारण करण्यास कायद्याने मनाई आहे.

एरियल आणि अर्थ

मोबाइल जोडला म्हणून रेडिओचे मूळ काम सोडून देऊ नये. पोर्तुगीज काळातील पणजीच्या एमिसोरा द गोवा या केंद्राचे मुक्तीनंतर आकाशवाणीत रूपांतर झाले. आकाशवाणी पणजीची मध्यम लहर १२८७ किलोहर्ट्झ आहे. जुन्या डायलवर मीटर छापलेले असतील, तर काटा २३३ च्या जवळ न्यावा. १९५५ च्या नोव्हेंबरपासून मुक्तीपर्यंत स्वातंत्र्यसैनिक वामन सरदेसाई आणि लिबिया लोबो यांनी सीमेपलीकडच्या रानातून चालवलेले गुप्त केंद्र गोव्यातल्या लोकांनी अशाच व्हॉल्व्ह संचांवर ऐकले. हे संच दुर्बळ लहरी पकडण्यासाठीच घडवलेले आहेत, त्यांना फक्त नीट एरियल लागते.

उत्तम एरियल म्हणजे १० ते १५ मीटर लांबीची बहुतारी तांब्याची वायर, घराच्या वळचणीपासून परसातल्या माडापर्यंत ताणलेली. दोन्ही टोकांना चिनी मातीचे अंडाकृती इन्सुलेटर लावावेत. माड वाऱ्यात डोलतो, म्हणून त्या टोकाची दोरी ताठ बांधू नये. कप्पीवरून खाली सोडून तिला एक दगड लटकवावा. वीजमंडळाच्या तारांच्या खालून, वरून किंवा तुटल्यास त्यांच्यावर पडेल अशा जागेतून एरियल मुळीच नेऊ नये. खाली येणारी तार भिंतीपासून चार बोटे दूर ठेवावी, कारण पावसात भिजलेले चिरे लहरीचा बराचसा अंश खाऊन टाकतात.

अर्थसाठी घराच्या वायरिंगचे अर्थ वापरू नये, त्यातून इन्व्हर्टर आणि चार्जरांची सगळी खरखर आत येते. दीड मीटरची तांब्याची कांब विहिरीजवळ किंवा न्हाणीचे पाणी जाते त्या माडाच्या आळ्यात ठोकावी. जांभ्याचा कातळ कोरडा असताना वीज नीट वाहून नेत नाही. तिथे खड्डा करून कोळसा आणि मीठ भरावे आणि एप्रिल-मे महिन्यांत अधूनमधून पाणी घालावे. एरियलमध्ये केलेल्या सुधारणेपेक्षा या एका अर्थमुळे पडलेला फरक मला आमच्या घरी अधिक जाणवला.

एसी-डीसी संचाच्या एरियल व अर्थ सॉकेटमागे अलग करणारे कंडेन्सर असतात. ते साठ-सत्तर वर्षांचे झाले असल्याने एरियलच्या तारेत मेन्स उतरू शकते, आणि अंगणातल्या त्या तारेवर कोणी कपडे वाळत घालायलाही कमी करत नाही. एरियलकडे १ नॅनोफॅरड आणि अर्थकडे ४.७ नॅनोफॅरड, दोन्ही वाय वर्गाचे, नवीन बसवूनच बाहेरची तार जोडावी.

पणजी किंवा मडगावच्या फ्लॅटमध्ये माड कुठून आणणार? तिथे वेढ्याचे एरियल करावे. ६० सेंटिमीटर बाजूची लाकडी चौकट घेऊन तिच्यावर ६ मिलिमीटर अंतराने १२ वेढे घालावेत. सुमारे ३० मीटर वायर लागते. दोन्ही टोकांमध्ये निकामी रेडिओतला ५०० पिकोफॅरडचा गँग कंडेन्सर (केंद्र लावण्याचा फिरता कंडेन्सर) जोडावा. आतल्या बाजूने वेगळ्या वायरचा एकच वेढा घालून त्याची टोके रेडिओच्या एरियल आणि अर्थ सॉकेटांत द्यावीत. आधी रेडिओवर केंद्र लावावे, मग गँग फिरवावा. एका नेमक्या जागी आवाज उसळून वर येतो. चौकट उभी ठेवून हळूहळू वळवली, तर एका दिशेला शेजारच्या चार्जरची खरखर जवळजवळ नाहीशी होते. केंद्राचा आवाज थोडा कमी झाला तरी चालेल, पण खरखर जाईल ती दिशा धरावी.

एफएमचा पट्टा

जर्मन संचांतला एफएमचा पट्टा साधारण १०० मेगाहर्ट्झवर संपतो. त्यामुळे आकाशवाणीचे १०५.४ मेगाहर्ट्झवरचे एफएम रेनबो त्यावर लागत नाही. त्यासाठी आतल्या कॉइल ओढून पट्टा सरकवणारे लोक आहेत. मला ते मान्य नाही, कारण एकदा बिघडलेले ट्यूनिंग पुन्हा जागेवर आणणे कष्टाचे असते. छोट्या खिशातल्या एफएम रेडिओचा हेडफोन आवाज पिकअपमध्ये द्यावा. १०० च्या आतल्या केंद्रांसाठी जुन्या टीव्हीची ३०० ओहमची चपटी वायर १.४५ मीटर लांब कापून, तिची दोन्ही टोके आतल्या आत जोडून आणि मधोमध एक तार तोडून घडीचे डायपोल एरियल करता येते. केबल टीव्हीची गोल वायर वापरायची असेल, तर मधे ७५ ला ३०० ओहमचा बॅलन (दोन प्रकारच्या वायरी जुळवणारा छोटा ट्रान्सफॉर्मर) लावावा.

पावसाळ्यात

गोव्यात विजांचा जोर मे महिन्याच्या अखेरीस आणि पाऊस परतताना ऑक्टोबरमध्ये अधिक असतो. या काळात ऐकणे संपले, की एरियलची तार रेडिओतून काढून घराबाहेरच अर्थच्या कांबेला जोडावी. त्यासाठी खिडकीबाहेर दोन बाजूंचा चाकूस्विच लावला, तर रोज विसरायला होत नाही. ढग गडगडू लागल्यावर मात्र त्या तारेला हातही लावू नये. प्लग काढून दूर बसावे.

पाऊस संपल्यावर संच प्रथम लावताना, मागचे झाकण उघडून दोन-तीन दिवस त्याला सावलीतल्या वाऱ्यात ठेवावे, पिकअपच्या तारेचे प्लग कोरड्या कापडाने पुसावेत आणि पहिला अर्धा तास सिरीज बल्बवरच चालवावा. आतली ओल त्या मंद उष्णतेने निघून जाते. मग बल्ब काढून संचाला पूर्ण वीज द्यावी.